महालातील सात दिवस आणि बर्फाखालची चिचुंद्री

पहिला दिवस, शनिवार

पूर्व फिनलंडमधील योएनसू हे गाव सोडले तेव्हा तेथे उणे १९ अंश तापमान होते आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढा बर्फ साचलेला होता. दिल्लीमार्गे सोनेगावच्या विमानतळावर उतरले, तर दादा स्वेटर आणि कानटोपी घालून मला न्यायला आला होता. त्या पहाटे नागपुरात ९ अंश होते आणि साऱ्या गावाच्या तोंडी थंडीचाच विषय होता. नऊ अंश ही नागपूरकरांसाठी खरीच थंडी असते, कारण त्यांची घरे, त्यांचे कपडे आणि त्यांची शरीरेही मे महिन्यातल्या पंचेचाळीस-सत्तेचाळीस अंशांसाठी घडलेली असतात.

मी आले होते मोठ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी. महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत, बडकस चौकापासून थोडे आत, आमचे जुने घर आहे. पुढचा भाग दादाने पाडून नव्याने बांधला, मात्र मागचे कोठीघर मातीच्या विटांच्या दीड हात जाड भिंतींसह आणि कवेलूंच्या छपरासह तसेच उभे आहे. तांदळाची पोती, तूरडाळीच्या कोठ्या आणि लग्नकार्यातली मोठी पातेली तेथे असतात. हातपाय धुऊन मी त्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. कस्तुरीसारखा, पण त्याहून आंबूस आणि नाकात राहणारा तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. घरात चिचुंद्री होती.

वहिनीने सांगितले की दोन महिन्यांपासून ती आहे आणि कार्यक्रमाच्या आधी तिचा बंदोबस्त करायचा म्हणून दादाने उंदरांचे चिकट पुठ्ठे आणून ठेवले आहेत. प्रवासाने मी थकले होते, तरी ते पुठ्ठे उघडू नका, एवढे मात्र मी त्याच क्षणी सांगितले. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास धडपडत मरतो. आणि चिचुंद्रीसारख्या सतत खावे लागणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला तेथे भीतीबरोबर उपासमारही येते. ते मी पुन्हा पाहू शकत नव्हते. ‘पुन्हा’ असे का म्हणते, ते पुढे येईलच.

दुसरा दिवस, रविवार

पहाटे पाचला मी आणि बारा वर्षांची पुतणी कोठीघराच्या उंबऱ्यावर पांघरूण घेऊन बसलो. मोठी आई उठून आली आणि म्हणाली, “काय करून राहिल्या वं तुम्ही दोघी, इतक्या थंडीत?” पुतणीने तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केले. थोड्याच वेळात भिंतीच्या कडेने, भिंतीला जवळजवळ घासत, एक राखाडी आकृती बारीक चिकचिक आवाज करीत गेली, पोत्यांच्या आड शिरली आणि तोंडात झुरळ घेऊन परतली.

“आत्या, हा उंदीर नाही तर काय आहे मग?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उंदीर कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चिचुंद्रीचे नाते खारींशी किंवा घुशींशी नाही, ते काटेरी अंगाच्या जाहकाशी आणि युरोपात जमीन पोखरणाऱ्या मोल या प्राण्याशी आहे. लांब, सतत हलणारे नाकाड, मण्यांएवढे डोळे आणि कीटकांचे कवच फोडणारे टोकदार दात, ही तिची ओळख आहे. तिचे दुधाचे दात जन्मापूर्वीच नाहीसे होतात आणि जन्मल्यावर एकच दातसंच आयुष्यभर पुरवावा लागतो. तो झिजला की खाणे कमी होते आणि खाणे कमी झाले की आयुष्यही संपते.

या दातांवरूनच सबंध कुळाच्या दोन मोठ्या शाखा पडतात. आपल्या घरातली चिचुंद्री पांढऱ्या दातांच्या शाखेतली असून ही शाखा मुख्यतः उष्ण देशांत वाढली. योएनसूच्या रानात मी जिचा अभ्यास करण्यात दोन हिवाळे काढले, ती लाल दातांच्या शाखेतली आहे. तिच्या दातांच्या टोकांवर लोहयुक्त, विटकरी रंगाचा थर असतो आणि त्यामुळे ती टोके अधिक कणखर होतात. लिनियसने १७५८ साली तिला नाव दिले, सोरेक्स अरेनियस. फिनिश लोक तिला मेत्सापॅस्ताइनेन, म्हणजे रानातली चिचुंद्री, म्हणतात. ब्रिटनपासून सायबेरियापर्यंत तिचा पसारा आहे. भारतातही लाल दातांच्या चिचुंद्र्या आहेत, मात्र त्या पाहायच्या तर हिमालयाचा गारठा गाठावा लागतो. सिक्कीम-दार्जिलिंगच्या ओल्या जंगलांत, दगडांखाली आणि शेवाळाखाली, हिमालयी चिचुंद्री राहते.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि पुतणीच्या शाळेत सातवीच्या वर्गापुढे बोलायला गेले. वर्गात साठ मुले होती. मी प्रत्येक बाकावर पाच रुपयांचे एक पितळी नाणे दिले आणि ते तळहातावर ठेवायला सांगितले. या नाण्याचे वजन ६ ग्रॅम असते. बर्फाखाली हिवाळा काढणारी लाल दातांची चिचुंद्री साधारण एवढीच भरते. उन्हाळ्यात पूर्ण वाढलेली असेल तर तशी दोन नाणी ठेवा, असे सांगितल्यावर मुलांनी शेजाऱ्याचे नाणे मागून घेतले. तिची एक बटूकाय बहीण फिनलंडपासून सायबेरियापर्यंत आढळते आणि ती एक रुपयाच्या नाण्याहूनही हलकी असते. एवढ्या शरीरात हृदय मिनिटाला आठशे ते हजार ठोके देत असते.

मग एका मुलाने जे विचारले ते ऐकून मला फार आनंद झाला: “मॅडम, मग ती गोठून काहून नाही मरत?”

याचे उत्तर बर्फातच आहे. बर्फ पडताना हवेला कवटाळून पडतो आणि साचलेल्या भुसभुशीत थरात बर्फापेक्षा हवाच अधिक असते, म्हणून तो दुलईचे काम करतो. जमिनीने उन्हाळ्यात साठवलेली ऊब खालून वर येत राहते आणि दुलईखाली अडकते. वर उणे तीस असताना दोन-अडीच वीत जाड थराखाली, मातीलगत, तापमान शून्याच्या आसपास राहते. त्या उबेने तळाचा बर्फ वाफ होऊन वरच्या थरात जाऊन पुन्हा गोठतो. त्यामुळे तळाशी पिठीसाखरेऐवजी खडीसाखरेसारखे मोठे, सुटे स्फटिक तयार होतात आणि जमीन व बर्फ यांच्यामध्ये एक सखल पोकळी उरते. पडलेली पाने, ओंडके, शेवाळ आणि गवताची बुडखी यांच्यामधून जाणाऱ्या त्या पोकळीत चिचुंद्री सारा हिवाळा फिरते. तेथे दिवसाही मंद निळसर उजेड असतो आणि बर्फ जाड झाला की तोही नसतो. तिचे डोळे तसेही फारसे कामाचे नसतात. मिशा, नाक आणि बारीक किलबिल यांवरच तिचे काम चालते.

मुलांना मी महालातल्या भिंतींचे उदाहरण दिले. मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस अंश असताना आमच्या कोठीघरात माठाचे पाणी गार राहते, कारण दीड हात माती उन्हाला आत येऊ देत नाही. तिकडे बर्फ थंडीला आत येऊ देत नाही. नागपूरच्या मुलांना बर्फ ठाऊक नसला तरी जाड भिंतीची किंमत ठाऊक आहे, आणि मान डोलावण्याच्या पद्धतीवरून त्यांना ते समजल्याचे दिसले.

ही दुलई पातळ झाली की मात्र संकट येते. शरद ऋतूच्या अखेरीस बर्फ पडण्यापूर्वीच कडक थंडी आली, किंवा भर हिवाळ्यात पाऊस पडून बर्फ भिजला आणि पुन्हा गोठून दगडासारखा झाला, तर खालची पोकळी मिटते आणि माती उघड्यावर असल्यासारखी गोठते. त्यामुळे योएनसूला जानेवारीत पाऊस पडला की लोक रस्ता निसरडा झाला म्हणून हळहळतात, आणि मला रानातल्या त्या पोकळ्या आठवतात.

आता माझी चूक सांगते. आम्ही बर्फात उभे नळकांडे रोवून त्याच्या तळाशी जिवंत पकडण्याचा सापळा ठेवीत असू. आत वाळके गवत आणि किड्यांच्या अळ्या. चिचुंद्रीला दोन-तीन तासांत पुन्हा खावे लागते, दिवस असो की रात्र. ती थोडा वेळ झोपते, उठते, खाते आणि पुन्हा झोपते. दिवसाकाठी तिच्या पोटात स्वतःच्या वजनाच्या जवळपास अन्न जाते. म्हणून सापळे ठरल्या वेळी तपासावेच लागतात. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी रानातली वाट चुकले आणि चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले. शेवटच्या सापळ्यातल्या अळ्या संपलेल्या होत्या आणि चिचुंद्री गवतात कुशीवर पडलेली होती, अजून मऊ होती, पण गेलेली होती. तिचे वजन ५.८ ग्रॅम भरले. ती नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. वर्गात हे सांगताना माझा आवाज किंचित कापला असावा, कारण मुले एकदम शांत झाली.

संध्याकाळी घरी खरी चर्चा रंगली ती आकुंचनाची. पोलंडमधल्या बिआवोविएझा या प्राचीन अरण्यात काम करणाऱ्या आउगुस्ट डेनेल यांनी १९४९ साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली: लाल दातांच्या चिचुंद्रीची कवटी हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा बुटकी असते. शंका अशी होती की मोठ्या डोक्याच्या चिचुंद्र्या थंडीत मरत असतील आणि लहान डोक्याच्या उरत असतील. पण २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी रानातल्या त्याच त्या, खूण केलेल्या चिचुंद्र्यांना पुन्हा पुन्हा पकडून त्यांच्या कवट्यांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली आणि शंका उरली नाही. प्रत्येकीची कवटी उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सरासरी १५ टक्के आकसली आणि वसंतात सुमारे ९ टक्के पुन्हा वाढली. कवटीच्या सांध्यांजवळचे हाड शरीर शोषून घेते आणि नंतर पुन्हा भरते. मेंदू लहान होतो, यकृत आणि प्लीहा लहान होतात, पाठीचा कणाही आखूड होतो. हिवाळ्यातल्या चिचुंद्र्या नवी वाट शिकण्यात मंद पडतात, असेही पाहण्यात आले आहे; म्हणजे ही काटकसर फुकट होत नाही.

दादा अभियंता असल्यामुळे त्याने लगेच हरकत घेतली. “लहान भांडं लवकर निवतं. मग थंडीत लहान होणं हा तर घाट्याचा सौदा झाला.” हरकत बिनतोड आहे. अस्वले किंवा हरणे यांच्याबाबत सामान्यतः थंड प्रदेशात शरीर मोठे, असाच कल दिसतो. लाल दातांच्या चिचुंद्र्यांत मात्र तो उलटा आहे. उत्तरेकडे जाल तसे शरीर लहान होत जाते. एक ग्रॅम शरीरामागे लहान प्राणी अधिक ऊब गमावतो हे खरे, पण एकूण शरीरच कमी असल्याने एकूण लागणारे अन्न कमी होते, आणि हिवाळ्यात पालापाचोळ्यात निपचित पडलेले बारीक कोळी आणि अळ्या एवढेच अन्न असते. मेंदू आणि यकृत ही शरीरातली सर्वांत खर्चिक इंद्रिये, तेव्हा बचत तेथूनच सुरू होते. जोडीला दाट लांब केसांचा हिवाळी कोट असतो आणि खांद्यांमध्ये ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी असते.

मोठी आई इतका वेळ वाती वळत होती. ती म्हणाली, “समईत तेल कमी असलं की पाचातल्या तीन वाती काढून घेतो ना आपण, तसं झालं हे. उजेड कमी, पण रात्रभर जळते.” मी तिच्याकडे पाहत राहिले. दोन वर्षे मी हे फिनिश मुलांना आलेख काढून सांगत होते.

चौथा दिवस, मंगळवार

सेमिनरी हिल्सला गेलो. पुतणीला टेकडीवरची बाग हवी होती आणि मला पलीकडच्या टाकळीचा परिसर पाहायचा होता, जिथे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म शोधले. आता तेथे वस्ती आहे आणि पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळच बुडून वारले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८८ साली, आजच्या तेलंगणातील नस्कल येथे अशाच दोन लाव्हा-थरांमधल्या गाळात भारतातला क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या, काळातला पहिला सस्तन प्राणी जाहीर झाला. त्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. तो चिचुंद्रीएवढा, कीटक खाणारा होता आणि त्याची ओळख पटली ती टाचणीच्या डोक्याएवढ्या दातांवरून. तो चिचुंद्रीचा पूर्वज नव्हे. पण अंगाने लहान, दाताने तीक्ष्ण आणि पालापाचोळ्यातल्या किड्यांवर जगणारे, ही सस्तन प्राण्यांची फार जुनी राहणी आहे.

उतरताना अंबिया बहाराची शेवटची संत्री घेतली.

पाचवा दिवस, बुधवार

कार्यक्रमाची भांडी काढायची म्हणून कोठीघरातली पोती हलवली. मी विनवले होते की सावकाश हलवा. तिसऱ्या पोत्यामागे कागदाच्या कपट्यांचे आणि सुतळीच्या तंतूंचे घरटे होते, आणि आम्ही काही करण्यापूर्वीच आई बाहेर पडली. तिच्या शेपटीच्या मुळाशी एका पिल्लाने तोंडाने पकडले होते, त्याला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने आणि तिसऱ्याला चौथ्याने. एकच लांब राखाडी दोरी भिंतीच्या कडेने सरकत मोरीच्या बाजूला गेली. पांढऱ्या दातांच्या शाखेत ही रांग नेहमीची आहे. लाल दातांच्या चिचुंद्रीत ती क्वचितच पाहायला मिळते आणि मला तिकडे कधी दिसली नव्हती. जे तिकडे पाहायला मिळाले नाही, ते महालातल्या कोठीघरात दिसले.

दादा हातातले पातेले तसेच धरून उभा होता. संध्याकाळी त्याने चिकट पुठ्ठे न उघडताच दुकानात परत केले आणि येताना झाकणाचे चार पत्र्याचे डबे आणले. त्याची काळजीही रास्त होती: उघड्या पिठात कोणताही प्राणी शिरू नये. पीठ डब्यात गेले की चिचुंद्रीला उरतात ती झुरळे, आणि त्यांवर घरात कोणाचाच हक्क नव्हता.

दोन शाखांमधला आणखी एक फरक रात्री वहिनीला सांगितला. पांढऱ्या दातांच्या चिचुंद्र्यांच्या शरीराची भट्टी तुलनेने मंद असते, आणि त्यांच्यातल्या काही जाती उपासमार झाली की अंगाचे तापमान उतरवून काही तास बधिर पडून राहू शकतात. भारतातही आढळणारी, जेमतेम दोन ग्रॅमची एट्रुस्कन चिचुंद्री असे करते. लाल दातांचीला ही सवलत नाही. तिची भट्टी नेहमी रसरशीत असते, ती शीतनिद्रा घेत नाही आणि बधिरही होत नाही. जिला एक रात्रही विझता येत नाही, ती उन्हाळा संपतानाच लहान होऊ लागते, बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी.

सहावा दिवस, गुरुवार

सहस्रचंद्रदर्शन झाले. सोन्याचा चंद्र, हजार वातींची आरती, दीडशे पाने, गोळाभात आणि पाटवडी. मोठ्या आईने ऐंशी वर्षे आठ महिने पुरे केले.

रात्री सगळे पांगल्यावर ती अंगणात बसली होती. तिने विचारले, “तुझ्या त्या चिचुंद्रीला किती पौर्णिमा मिळतात?”

मी मोजून सांगितले. ती जूनमध्ये जन्मते, आईपासून सुटी होते आणि पालापाचोळ्यात स्वतःची हद्द आखते. त्या हद्दीत ती दुसऱ्या कुणालाही, स्वतःच्या बहिणीलाही, येऊ देत नाही. पहिला हिवाळा ती आकसून, वयात न येता काढते. वसंतात वजन जवळजवळ दुप्पट होते, कवटी वाढते, ती वयात येते, माजावर येते, पिल्ले घालते आणि बहुतेक वेळा दुसरा बर्फ पडण्यापूर्वी दात झिजलेल्या अवस्थेत मरते. म्हणजे पंधरा-सोळा पौर्णिमा. रानात ऑगस्टच्या अखेरीस वाटेवर पडलेल्या मोठ्या, विरळ केसांच्या शेपटीच्या चिचुंद्र्या दिसतात, त्या याच असतात.

मोठी आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आणि त्यातल्या पाच-सहा तर बर्फाखालीच गेल्या. चांद दिसलाच नसंल तिले.”

शहरी घरात राहूनही अगदी मनातले बोलताना ती माहेरच्या वऱ्हाडीत जाते.

सातवा दिवस, शुक्रवार

पहाटे साडेचारला सामान बांधून तयार होते. योएनसूहून सहकाऱ्याचा निरोप आला होता: उणे २४, बर्फाची जाडी ५२ सेंटिमीटर, मातीलगत उणे १. मी तो तीनदा वाचला. मातीलगतचा आकडा पाहून बरे वाटले.

पुतणी माझ्याआधीच उठून कोठीघराच्या उंबऱ्यावर, मांडीवर वही घेऊन बसली होती. मी तिला दिलेल्या छोट्या वजनकाट्याची, हाताने नाही तर डब्याने चिचुंद्री उचलण्याची आणि पिल्ले असेपर्यंत तिला अजिबात न उचलण्याची आठवण पुन्हा करून दिली. तिने मान न वळवता हात वर करून मला थांबायला सांगितले आणि लिहिले:

“४.५२. मोरीकडून आली. भिंतीच्या डाव्या कडेने. एकटीच. झुरळ मोठे होते.”